चैन आकाशातली, हिशेब घरातला

चैन हा शब्द आपल्या घरांतून किती जपून वापरला जातो, नाही? ह्यांनी नवा कोट शिवला तर ती गरज. आपण दुसरी पैठणी घेतली तर ती चैन. दिवाळीत साजूक तुपातले लाडू केले तर ती रीत, तेच आडवारी केले, तर "काय, आज अगदी चैन आहे!" असं कोणीतरी म्हणणारच. सासूबाई तर चहात वेलदोडा टाकतानासुद्धा इकडेतिकडे बघायच्या. या चैनीच्या फडताळात सगळ्यांत वरच्या फळीवर, जिथे आपला हात कधी पोचायचा नाही अशा जागी, वर्षानुवर्षं एक गोष्ट ठेवलेली होती. ती म्हणजे विमानप्रवास.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरात महिनाभर चाललेला तिकिटाचा घोळ. लेक लंडनला असते. तिनं फोनवर सांगून टाकलं, "आई, या उन्हाळ्यात तू यायचंच. आणि बिझनेस क्लासनं यायचं. तुझ्या गुडघ्यांना दहा तास मुडपून बसवणार नाही मी." मी पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. गुडघे माझे, त्यामुळे ते कसे आहेत ते मला ठाऊक आहे. पण जाण्यायेण्याचा आकडा तीन लाखांच्या घरात जातो असं कळल्यावर ह्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "यात वरच्या मजल्याची गळती निघेल, आणि रंगसुद्धा होईल." साध्या वर्गाचं तिकीट सत्तर-ऐंशी हजारांत मिळत होतं. लेक हट्टाला पेटलेली, हे गप्प, आणि मध्ये मी. तिकिटाचं काय ठरलं ते शेवटी सांगते. पण या निमित्तानं ही आकाशातली चैन आली कुठून आणि कशी बदलत गेली, हे मनात घोळू लागलं. थोडं वाचलं, थोडं आठवलं. ते आधी तुमच्यापुढे मांडते.

आपल्या देशातून परदेशी जाणारं पहिलं आपलं विमान निघालं ते ८ जून १९४८ रोजी, मुंबईहून लंडनला. एअर इंडिया इंटरनॅशनलच्या त्या विमानाचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत ते १० जूनला लंडनला पोचलं. आत प्रवासी किती, तर ३५! आपल्या एस.टी.त याहून जास्त माणसं बसतात, आणि उभी असतात ती वेगळी. ज्यांना त्या विमानात जागा मिळाली ते राजेरजवाडे, उद्योगपती, बडे अधिकारी. आमच्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांनी तर त्याच्याही आधी, एकोणीसशे तीसच्या दशकात, उजळाईवाडीला विमानतळ बांधायला घेतला होता. त्या काळात विमान ही राजाच्या कौतुकाची गोष्ट होती. प्रजेनं मान वर करून बघायची, एवढंच.

एअर इंडियाचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा स्वतः वैमानिक. १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल घेऊन येणारं विमान त्यांनीच चालवलं होतं. पण मला त्यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ते आपल्याच विमानातून प्रवास करताना वहीत टिपणं काढत. चहाचा रंग कसा आहे, खुर्ची किती मागे कलते, पडदे कसे आहेत, हे सगळं कळवत. अगदी आपल्यासारखं! पाहुण्यांकडे जेवायला गेलो तरी आपली नजर नाही का ताटातल्या कोशिंबिरीवर आणि मोरीच्या फरशीवर जात? घर टापटीप ठेवायचं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्यालाच पाहुणचार कळतो.

आता एक गंमत सांगते. त्या काळी विमान कंपन्यांना तिकिटाचे दर आपल्या मनानं कमी करता येत नसत. 'आयाटा' नावाची कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. दर तिथे ठरत आणि सरकारं त्यांना मान्यता देत. म्हणजे दुकानं दहा, पण साखरेचा भाव सगळीकडे एकच. मग गिऱ्हाईक ओढायचं कसं? तर चांगलं खाऊ घालून, हसून स्वागत करून, जाताना हातात काहीतरी भेट ठेवून. १९५८ मध्ये अटलांटिक महासागरावरून जाणाऱ्या विमानांत स्वस्तातला 'इकॉनॉमी' वर्ग निघाला, तेव्हा नियमच केला गेला की या प्रवाशांना फक्त साधी, थंड सँडविचं द्यायची. त्यावर काही युरोपीय कंपन्यांनी सँडविचच्या नावाखाली पावाच्या एका तुकड्यावर मांस, मासे, चीज यांचा असा काही डोंगर रचला की अमेरिकन कंपन्यांनी तक्रार केली. सँडविच कशाला म्हणायचं, यावर मोठमोठ्या माणसांची बैठक बसली, आणि स्कँडिनेव्हियाच्या कंपनीला दंडही झाला. उपासाच्या दिवशी काय चालतं आणि काय चालत नाही यावर आपल्याकडे होणारे वाद मला त्यापुढे फारच समंजस वाटले.

तर त्या काळच्या चैनीचं मूळ हे असं होतं. तिकीट महाग, सगळ्यांचं सारखंच महाग, म्हणून सेवा राजेशाही. एअर इंडियानं तर राजालाच दाराशी उभं केलं. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडवलेला तो पगडीवाला, झुबकेदार मिशांचा, लवून नमस्कार करणारा महाराजा! पुढे १९६७ मध्ये साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकाराकडून कंपनीनं एक रक्षापात्र घडवून घेतलं. हत्ती आणि हंस असलेलं ते पात्र निवडक प्रवाशांना भेट म्हणून मिळे. दालींनी मोबदला काय मागितला, तर हत्तीचं पिल्लू. आणि ते त्यांना मिळालंही!

१९७१ साली एअर इंडियाचं पहिलं जम्बो जेट आलं. नाव 'एम्परर अशोक'. बाहेरून प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी झरोक्याची नक्षी, आत भिंतींवर चित्रं, आणि वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बैठक. आकाशातला राजवाडाच तो. (हेच विमान १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं आणि २१३ माणसं गेली. चैनीला कवच नसतं.)

या राजवाड्याशी आमच्या घराचा संबंध आला तो १९७४ साली.

आमचे मोठे भाऊजी उद्यमनगरात छोटी फौंड्री चालवायचे. जर्मनीत हॅनोव्हरला यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं. ते बघून आलं तर धंद्याला दिशा मिळेल असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या काळी परदेशी जाणं म्हणजे काय सोपं होतं? रिझर्व्ह बँकेची परवानगी, हे फॉर्म, ते दाखले. परकीय चलन इतकं तुटपुंजं मिळायचं की अमेरिकेला निघालेली मुलं खिशात आठ डॉलर घेऊन जायची, हे त्या पिढीला पाठ आहे. तिकिटाचे पैसे उभे करताना तर भाऊजी मेटाकुटीला आले. शेवटी आमच्या थोरल्या जाऊबाईंनी, अक्कांनी, हातातल्या पाटल्या काढून दिल्या. बोलल्या काही नाहीत. देवघरापुढे बसून साबण लावून काढल्या, रुमालात बांधल्या आणि भाऊजींच्या हातात ठेवल्या. मी तेव्हा घरात नवी होते, लग्नाला दोनच वर्षं झालेली. मी ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

त्यांना पोचवायला आम्ही अकराजण महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो. बरोबर हार, पेढे, दशम्यांचा डबा. सांताक्रूझच्या विमानतळावर माणसांची ही गर्दी! एका प्रवाशामागे दहा पोचवणारे. मी आणि अक्का कठड्याशी उभ्या होतो. लांबवर ते अजस्र विमान दिव्यांत झगमगत होतं, आणि त्याच्या शिडीवर भाऊजी एवढेएवढेसे दिसत होते. अक्कांच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या तेवढ्या होत्या. विमान उडालं तेव्हा त्यांनी हात जोडले. मग मला हळूच विचारलं, "काय गं, त्यात बायकाबी बसत्यात का?"

मी म्हटलं, "बसतात की. त्या साडीतल्या मुली नाही का गेल्या आत?"

"त्या कामाला," अक्का म्हणाल्या. "बसायला म्हणते मी."

भाऊजी परत आले ते गोष्टींची पोतडी घेऊन. गरम पाण्यात भिजवलेला सुगंधी रुमाल चिमट्यानं हातात देतात, जेवणाआधी छापील यादी देतात, मागाल तितका चहा, मागाल तितका बदाम. ती यादी अक्कांनी कितीतरी वर्षं आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली होती. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण घरी पाहुणं आलं की ती काढून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या ह्यांना विमानात हे वाढलं होतं." धंदा पुढे बरा चालला, चार वर्षांनी पाटल्याही परत झाल्या. विमानाची वेळ मात्र अक्कांवर कधी आली नाही. आधी मुलांची शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, मग मुलींची लग्नं. भाऊजींना जाऊनही आता बारा वर्षं झाली.

अक्कांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. कामाला जाणाऱ्या 'त्या' मुली, त्यांची तरी गोष्ट काय होती? सुरुवातीला त्या पाश्चात्त्य पोशाखात असत, पुढे साडीत आल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना हवाई सुंदरी म्हटलं आणि कॉलेजातल्या निम्म्या मुलींना ते स्वप्न पडू लागलं. पण एअर इंडियाचा नियम होता की हवाई सुंदरीनं पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हाच. आणि पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हाच! बरोबरीनं काम करणाऱ्या पुरुषांना असली अट नव्हती. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये निकाल लागला. दिवस गेले म्हणून नोकरी काढण्याचा नियम न्यायालयानं रद्द केला. लग्नाची अट आणि पस्तिशीची मर्यादा मात्र तेव्हा कायम राहिली.

म्हणजे बघा, त्या राजवाड्यात पाहुणा म्हणून बसायला बहुतेक पुरुष, वाढायला बिनलग्नाच्या मुली, आणि लग्न झालेली बाई कठड्याबाहेर हार घेऊन उभी. चैन कोणाची होती, हे वेगळं सांगायला नको. तरी बायका काही थांबल्या नाहीत हं. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं कलकत्ता ते सिल्चर विमान कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी चालवलं, आणि त्यातल्या सगळ्या कर्मचारीही बायकाच होत्या. आपली एक मराठी बाई विमानाच्या पहिल्या खुर्चीवर बसली. महाराजा दारात लवून उभा, आणि सुकाणू सौदामिनीबाईंच्या हाती!

पुढे ही राजेशाही मोडली कशी? अमेरिकेनं १९७८ मध्ये आपल्या देशातल्या विमानसेवेवरची दरांची बंधनं उठवली, आणि हळूहळू जगभर वारं फिरलं. भाव मोकळे झाले. शेजारीशेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटांत दुपटीचा फरक दिसू लागला. तेव्हा पूर्ण पैसे मोजणारे कचेरीचे साहेब कुरकुरू लागले, की आम्ही एवढे पैसे द्यायचे आणि सवलतवाल्याच्या पोराचं रडणं ऐकायचं? त्यांच्यासाठी मधला एक पडदा लागला. तोच बिझनेस क्लास. २००० साली ब्रिटिश एअरवेजनं या वर्गात सपाट बिछाना होणारी खुर्ची आणली. २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सनं दारं असलेल्या खोल्या केल्या. २००८ मध्ये एमिरेट्सनं आपल्या दुमजली विमानात चक्क न्हाणीघर घातलं. २०१४ मध्ये एतिहादनं बैठक, झोपायची खोली आणि न्हाणीघर असं तीन दालनांचं घरच आकाशात बांधलं. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी बिऱ्हाडांपेक्षा एक खोली जास्तच!

आपल्याकडे नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या आल्या. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. स्वस्त तिकीट, पण खाणंपिणं काही नाही. त्यांनी बोधचिन्ह म्हणून कोणाला निवडलं? आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाला. मला हे फार आवडलं. महाराजाच्या जागी धोतर आणि चौकडीचा कोट आला. फक्त एवढंच वाटलं, की महाराजा आला, सामान्य माणूस आला, पण चित्रात दोघांच्याही शेजारी बायकोसाठी जागा ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

नवा काळ सगळ्यांनाच मानवला असं नाही. प्रत्येक खुर्चीला टीव्ही देणारी किंगफिशर २००५ मध्ये थाटात आली आणि २०१२ मध्ये जमिनीवर बसली. खुद्द एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परत गेली. आमच्या कोल्हापुरात विमानसेवा कितीदा सुरू झाली आणि कितीदा बंद पडली, याची तर मोजदाद नको. २०१८ मध्ये 'उडान' योजनेखाली ती पुन्हा सुरू झाली. २०१९ मध्ये आमच्याच भागातल्या घोडावत समूहाची स्टार एअर निघाली. तिच्या ७६ खुर्च्यांच्या विमानांत बिझनेस क्लासच्याही बारा खुर्च्या असतात. मार्च २०२४ मध्ये उजळाईवाडीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. तिला जुन्या वाड्याचा थाट दिलाय, दगडी कमानी आहेत. राजानं बघितलेलं स्वप्न प्रजेच्या उपयोगी पडायला ऐंशी वर्षं लागली म्हणायची.

मी स्वतः पहिल्यांदा विमानात बसले ती २०१९ मध्ये, तिरुपतीला जायला. तिरुपतीला जाऊन आलं की आपल्या अंबाबाईचं दर्शन घ्यायचं ही रीत. त्यामुळे कोल्हापूर आणि तिरुपती हे नातं जुनंच आहे. हरिप्रिया एक्सप्रेसनं अख्खा दिवस-रात्र जायचा. आमच्या भजनी मंडळाच्या चौदा बायका विमानानं निघालो. पंख्यांचं छोटं विमान, घरघर चाललेली. मी मनात भाऊजींच्या गोष्टींतला सुगंधी रुमाल घेऊन बसले होते. पाणी मागितलं ते मिळालं. बाकी सगळ्याला पैसे. मग काय, पुढच्या रांगेतल्या वहिनींनी डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजणीच्या चकल्या. डबा रांगेरांगेनं फिरला. एका तरुण मुलानं लाजत एक चकली घेतली, मग दुसरी मागून घेतली. ढग खिडकीच्या खाली होते. कोणीतरी हळू आवाजात भजन धरलं, आणि कापसाच्या गाद्या अंथरल्यासारख्या त्या ढगांकडे बघत आम्ही टाळ्यांनी ठेका दिला.

उतरल्यावर मला वाटलं, ही चैन झाली की नाही? खुर्ची अरुंद, खाणं घरचं, महाराजा नाही, झरोके नाहीत. पण कठड्याबाहेर उभी राहणारी बाई आत बसली होती, आणि एकटी नव्हे, चौदाजणी. भाऊजींच्या वेळी चैन घाऊक मिळायची. एकदा तिकीट काढलं की सगळं त्यात आलं. आता ती किरकोळीत मिळते. खिडकीची जागा हवी, पैसे द्या. पाय लांब करायचेत, पैसे द्या. जास्त सामान, पैसे द्या. यावर नाकं मुरडणारी माणसं पुष्कळ आहेत. जुना थाट गेला म्हणतात. मी मात्र गृहिणी आहे. किरकोळीत घ्यायची मला सवय आहे. आपल्याला नको ते न घेता हवं तेवढं घेता येतं, ही सोयच आहे. शिवाय ज्या थाटात आपल्याला कधी बोलावलंच नव्हतं, तो गेल्याचं दुःख आपण का करायचं?

हे सगळं मनात आल्यावर मी वही काढली आणि हिशेब मांडला. बिझनेस क्लासचं एक तिकीट, तीन लाख. साधी दोन तिकिटं, दीड लाखाच्या आसपास. उरलेल्यात दोघींचा व्हिसा, दोघींचा विमा, गरम कपडे, आणि दोघींनाही पाय लांब करायला जास्त जागा असलेल्या खुर्च्या. तरी वर शिल्लक. हे म्हणाले, "दोघींचा? दुसरी कोण? मला तर तिकडची थंडी सोसायची नाही."

मी म्हटलं, "अक्का."

लेकीला फोन केला. ती आधी रागावली. "आई, मी तुझ्यासाठी करतेय. तुझे पाय सुजतील, दुखतील, मग तूच म्हणशील." खरं होतं तिचं. गुडघे काही तत्त्वज्ञान ऐकत नाहीत. दहा तास बसणं मला जड जाणार आहे, हे मला आजही ठाऊक आहे. मी तिला एवढंच सांगितलं, की तुझ्या मोठ्या काकूनं १९७४ साली पाटल्या काढून दिल्या, त्यातून फौंड्री उभी राहिली. त्याच फौंड्रीतून तुझ्या कॉलेजची फी भरली गेली. तू मला झोपून आणलंस तर माझे पाय सुखी होतील. आम्हा दोघींना बसून आणलंस तर मी सुखी होईन. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "काकूंना खिडकी देऊ या."

सगळ्यांत अवघड अक्काच होत्या. ऐंशी वर्षांचं वय. "आता कशाला गं? लोक म्हणतील म्हातारीला पंख फुटलेत!" मी म्हटलं, फुटू देत. डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या. साखर, रक्तदाब ठीक निघाले. पासपोर्टच्या फोटोसाठी अक्का नऊवारी नेसून, नथ घालून आल्या. फोटोवाला म्हणाला, "आजी, नथ काढावी लागेल." तर म्हणाल्या, "आणि काय काय काढू रं बाबा?" पण काढली.

तुमच्यापैकी कोणी आमच्या वयात निघणार असाल, तर शिकलेल्या चार गोष्टी सांगते. तिकीट काढतानाच चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. त्यात कमीपणा काही नाही, लांबलचक चालणं वाचतं. जागा कडेची घ्यावी, म्हणजे तासातासाला उठून चार पावलं चालता येतं. (आमच्यात खिडकी अक्कांची, कड माझी.) पायांत घट्ट मोजे घालायचे की नाही, ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. पाणी थोडं थोडं पीत राहावं. औषधं आणि त्यांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवावी. लोणचं, तूप, काकवी असलं पातळ काही हातातल्या पिशवीत नको. शंभर मिलीलिटरच्या वर चालत नाही. कांदा-लसूण मसाला दोन पिशव्यांत बांधून मोठ्या सामानात घालावा, नाहीतर सगळ्या साड्यांना झणझणीत वास. आणि विलायतेत दुधामांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणून पेढे-बर्फी घरीच वाटून टाकावी. लाडू बेसनाचे करायचे असतील, तर तुपाऐवजी तेलातले करून बघावेत, नाहीतर शेंगदाण्याचे.

मुंबईपर्यंत कसं जायचं ते अक्कांनी ठरवलं. महालक्ष्मीनं. रात्रभर गाडीत बसायची त्यांना सवय आहे, आणि दशम्या खायला गाडीच बरी, असं त्यांचं म्हणणं. पोचवायला यंदा अकराजण येणार नाहीत. भाचा येईल तेवढा. आत जायच्या दारापासून तोही परत फिरेल. हल्ली तिकिटाशिवाय पुढे सोडत नाहीत.

काल अक्का आपली पिशवी भरून मला दाखवायला घेऊन आल्या. दोन नऊवारी, एक स्वेटर, जपमाळ, औषधांची डबी. आणि वहीत जपून ठेवलेली ती पिवळी पडलेली जेवणाची यादी. "ही कशाला घेताय?" मी विचारलं.

"त्यास्नी दाखवायला," अक्का म्हणाल्या. "म्हणावं, पूर्वी हे वाढत होता. आता आमाला काय वाढता, ते बघू."